रिकामी काच

प्रिय ताई,

तुझ्या नव्या प्रयोगशाळेला खिडकी आहे, हे वाचून हेवा वाटला. इथली सूक्ष्मदर्शकाची खोली तशीच काळीकुट्ट आहे. दाराच्या फटीला तू लावलेली काळी पट्टी अजून टिकली आहे आणि सर अजूनही न ठोठावता आत येतात.

त्यांनी मला तुझाच प्रयोग पुन्हा करायला लावलाय. काचेवर प्रथिनाचे रेणू विखरायचे, प्रत्येकाला चमकणाऱ्या रंगाचा एक कण जोडलेला, आणि लेझरखाली एकेक ठिपका विझेपर्यंत बघत बसायचं. एका झटक्यात विझला तर रेणू एकटा, दोन पायऱ्यांनी विझला तर जोडी. तुझे बहुतेक ठिपके एका झटक्यात विझले होते. हे प्रथिन एकट्यानेच काम करतं, या तुझ्या शोधनिबंधावर तुला ही नोकरी मिळाली. मला मात्र तीन आठवडे दोन पायऱ्या दिसताहेत. सर म्हणाले, "तिचा हात सोन्याचा होता. तू जरा हातांकडे लक्ष दे."

सोमवारी कपाटात मागे तुझ्या वेळच्या काचांचा उरलेला डबा सापडला. एक काच घेतली, तिच्यावर काहीच न टाकता लेझरखाली ठेवली. मिट्ट काळोख दिसायला हवा होता. मी दोनशे अकरा ठिपके मोजले. नुसती घाण, आणि ती तुझ्या ठिपक्यांसारखीच एका झटक्यात विझत होती.

आधी रिकामी काच बघायची, हे तूच मला शिकवलंस. म्हणून तुझ्या वहीत ती नोंद शोधली. प्रयोगाच्या तारखेला एवढंच लिहिलंय: "काचा काटेकोरबाईने धुतल्यात. बघायची गरज नाही."

डब्यावरचं अक्षर माझं आहे. धुतल्यावर उरलेली घाण जळून जावी म्हणून काचा भट्टीत तासभर भाजायच्या होत्या, मी वीस मिनिटांत काढल्या. कारण मोठं नाही, भूक लागली होती. तू विचारलंस तेव्हा "हो गं, पूर्ण तासभर" म्हणाले. डबा फेकून दिला तर कुणाला पत्ता लागणार नाही, हे सोमवारपासून रोज मनात येतंय. फेकलेला नाही. हे पत्र तुला पुढच्या आठवड्यात बुधवारी मिळेल. शुक्रवारी अकराला मी डबा सरांसमोर ठेवणार आहे. निबंध मागे घ्यावा लागेल. त्याआधी तूच त्यांना फोन केलास तर ते तुझ्या तोंडून कळेल, म्हणून मधले दोन दिवस ठेवलेत. भट्टीचं मात्र मीच सांगेन, ते तू सांगू नकोस.

तुझीच,
काटेकोरबाई
(हे नाव परत घेतलंस तरी चालेल.)