तिसऱ्या वाफ्याचं पाणी

१२ सप्टेंबर, सकाळ

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण माझ्याइतका नाही. तुझा केशराचा अहवाल छापून आल्यापासून ती तो शेजारीपाजारी दाखवत हिंडते. चष्म्याशिवाय, म्हणजे बहुधा उलटा धरून.

काल दाढीला गेलो होतो. तोंडाला साबण लागला की लोकांना वाटतं, कानही बुजले. शेतीचे पंप भाड्यानं देणारा पंपवाला शेजारच्या खुर्चीत सांगत होता, "यंदा केशराला पाणी द्यायचंच नाही. यांच्या मुलीनं सिद्ध केलंय. चाळीस जणांनी पंप उचलून ठेवले."

वस्तरा गळ्यावर होता, म्हणून गप्प बसलो. वस्तरा निघाल्यावरही गप्पच बसलो.

तुझे गेल्या वर्षीचे तीन वाफे डोळ्यांपुढून हलत नाहीत. फुलोऱ्याआधी पहिल्याला तीन पाणी, दुसऱ्याला दोन, तिसरा कोरडा. पहिल्यात कंद कुजले. दुसऱ्यात फुलं भरपूर, पण केशर फिकं. तिसऱ्यात फुलंही आली आणि रंग असा, की चिमूटभर पेल्यात टाकून तू नाचलीस.

फुलं येण्याआधी सलूनच्या त्याच खुर्चीत ऐकलं होतं, "म्हातारा पोरीच्या पुस्तकापायी कंद वाळवतोय." झोंबलं मला. तू दोन दिवस परीक्षेला गेली होतीस. भेगाळलेला वाफा बघवेना. झारीनं अकरा खेपा घातल्या, वर कोरडी माती पसरली, पाऊलखुणा पुसल्या. आल्या आल्या तू विचारलंस, "बाबा, कुणी हात लावला नाही ना?"

मी म्हणालो, "कुणाची छाती आहे?"

खारे, तिसरा वाफा कोरडा नव्हता. त्याला एक पाणी मिळालं होतं.

फोन केला नाही, कारण तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा खोटं बोलेन. कंदाला जागं करणारं पाणी याच पंधरवड्यात बसायला हवं. नाहीतर चाळीस घरांची फुलं मातीतच राहतील. आधी तुझी परवानगी घ्यावी असं वाटत होतं. पण पत्राला चार दिवस लागतात, आणि जमीन थांबत नाही. हे टपालात टाकून सरळ पंपवाल्याकडे निघालोय, तिथून सलूनमध्ये. सगळ्यांदेखत सांगणार, पोरीचं मोजमाप चोख होतं, लबाडी बापाची.

तुझं नाव खाली येईल, ते मला कळतं. घरी येशील का, असं विचारत नाही. तीन वाफे पुन्हा आखून ठेवलेत. झारी पंपवाल्याच्या घरी ठेवून येतो.

तुझ्या वाफ्याला हात लावणारा,
बाबा