‘मुक्कामी गाडी’चा ठोका

प्रिय संत्या,

उद्या सकाळच्या एस्टीने मी आणि आपला बास गिटारवाला राहुल मुंबईला निघतोय. पहिल्या अल्बमच्या करारावर सह्या करायला. जिच्या कॅसेट तू पौडच्या बाजारातून शोधून आणायचास, तीच मोठी कंपनी. तिथे काय बोलायचं ते आधी तुला सांगावं, म्हणून लिहायला बसलोय. तुला न विचारता बँडचं काही ठरलंय का कधी?

मी अकोल्याचा, हिंजवडीत कॉम्प्युटरसमोर बसणारा, तुमच्या घरचा भाडेकरू. गिटारचा आवाज कमी कर म्हणून सांगायला तू खोलीवर आलास आणि जाता जाता म्हणालास, "आमच्या पत्र्याच्या शेडात ये. तितं म्हशीबिगर कुनी वरडनार न्हाई." जत्रेत ताशा वाजवणारा तू, बघता बघता पॉप पंकचा वेगवान रॉक असा वाजवायला लागलास की राहुलची बोटं अडखळायची. गावात वस्तीला थांबणाऱ्या एस्टीवरून बँडचं ‘मुक्कामी गाडी’ हे नावही तूच ठेवलंस. कासारसाईसारख्या खेड्यात असलं काही निघेल हे कुणाला खरं वाटलं असतं!

आपलं भांडण मात्र कायमचं ठरलेलं. गाण्याच्या शेवटी तू ताल सोडून पुढे पळायचास. ताल पक्का राहावा म्हणून मी टिकटिक करणारं यंत्र आणलं, हेडफोन तुझ्या कानावर चढवला. तू तो काढून ठेवलास आणि शेडाचं दार सताड उघडलंस. दार लावलं की मला वाजवता येत नाही, एवढंच म्हणालास. मला तो तुझा माज वाटला. बाहेर खळ्यात भाताची झोडणी चालू होती, तूस उडून नाकातोंडात जात होतं, आणि तशातच आपण सगळी गाणी रेकॉर्ड केली. ती ऐकूनच कंपनीने बोलावलं.

मग माघात तो डंपर. त्याबद्दल मी लिहिणार नाही. हेल्मेट घरात खुंटीला टांगलेलं होतं, यावर मात्र मी अजून चिडलेलो आहे, तेवढं ऐकून घे.

कंपनीचं म्हणणं, गाणी छान आहेत, पण ड्रम्स तालात पक्के नाहीत. ते मुंबईचा माणूस नव्याने वाजवेल, तुझं नाव आठवण म्हणून कव्हरच्या आत छापू. मी हुज्जत घातली, तेव्हा त्यांच्या रेकॉर्डिस्टने बाकी सगळं बंद करून नुसते तुझे ड्रम्स ऐकवले. मागे काहीतरी थप्प थप्प येत होतं. उघड्या दारातून आलेला कचरा आहे, म्हणाला.

मी ओळखलं रे! काकू खळ्यात भारे फळीवर आपटत होत्या. त्यांच्या एका फटक्यात तुझे चार ठोके, प्रत्येक गाण्यात. भारा संपत आला की त्यांचा हात भरभर चालतो, आणि नेमका तिथेच तू पळतोस. तू आईच्या हाताबरोबर वाजवत होतास. एकदा तरी सांगायचंस की! मी कशाला भांडलो असतो?

हे काकूंना ऐकवायचं होतं. पण माणूस गेल्यावर तुमच्या घरात वर्षभर गाणंबजावणं होत नाही. टीव्हीवर चादर आहे, तुझ्या ड्रम्सवर काकूंचं जुनं लुगडं. काल दुपारी मी घाबरत घाबरत विचारलं. त्या शेडात येऊन बसल्या, तेव्हा मी रेकॉर्डिस्टकडून आणलेली नुसत्या ड्रम्सची सीडी अगदी बारीक आवाजात लावली. तेवढ्यात तुझे चुलते दारात आले. वर्ष फिरायच्या आत घरात गाणी लावता, म्हणून मला झापायला लागले. काकूंनी मान वर केली नाही. त्यांचा उजवा हात मांडीवर पडत होता, ठोक्याला ठोका.

"गानं कुटं हाय हे," त्या म्हणाल्या. "झोडणी हाय. मी आन् संतोष काम करतुया. लाव पुन्यांदा."

चुलते तिथेच उंबऱ्यावर बसले. मी पुन्हा लावली.

तर संत्या, माझा शब्द घे. ड्रम्स तुझेच राहतील, उघड्या दारासकट, नाहीतर सही नाही, हे मी उद्या सांगणार आहे. राहुललाही मान्य आहे. त्यांना पटलं नाही तर अल्बम राहून जाईल आणि आम्ही संध्याकाळी परत येऊ. आणि यंदा झोडणीला काकूंसमोरच्या फळीशी मी उभा राहणार. माझा हात मागे पडेल, त्या मला शिव्या घालतील. तरी त्यांना एकटीला झोडू देणार नाही.

तुझाच भाडेकरू,
नितीन