मोहाखालचा पाला

बेसा, नागपूर
८ एप्रिल २०२५, मंगळवार

चि. कांता,

आशीर्वाद. आणि मनोहरराव, तिला अक्षर लागत नाही, टपाल आणाल तसं हे पत्र तुम्हीच तिला वाचून दाखवणार, तेव्हा तुम्हालाही नमस्कार. आधी चष्मा पुसून घ्या. ऑपरेशन झाल्यापासून माझ्या ओळी उताराला लागल्या आहेत.

कांता, तुझा फोन आठवडाभर बंद लागतो आहे. चार्जिंग संपलं असेल, नाहीतर तू तो पुन्हा तांदळाच्या डब्यात ठेवून विसरली असशील. म्हणून हे पत्र. तसंही फोनवर मला धड बोलता येत नाही. सत्तावीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं लिहिली, तेव्हा हात बसला आहे तो लिहिण्याचाच.

डोळा बरा आहे. मोतीबिंदू काढून महिना होत आला. आता समोरच्या इमारतीवर वाळत घातलेले कपडेसुद्धा मोजता येतात आणि मी मोजतेही, कारण दुसरं काम नाही. अमोल आणि मिनल सकाळी नऊला निघतात ते सातला परत येतात. सून गुणाची आहे, मला गॅसजवळ फिरकू देत नाही. पण दहा तास बंद दाराआड माणसानं करायचं काय? परवा दुपारी मी दाराच्या भिंगाला डोळा लावून जिन्यात कोण येतं-जातं ते बघत उभी होते. एक कुरियरवाला आला, शेजारणीची सही घेऊन गेला. आपल्याकडे त्याचं काही काम नव्हतं, याचं मला इतकं वाईट वाटलं की मी जाऊन पलंगावर पडले.

घर गेलं हे अजून खरं वाटत नाही. जळताना मी पाहिलंच नाही ना. वणवा आपल्या परसात शिरला तेव्हा मी इथे सोफ्यावर मान मागे टाकून डोळ्यात थेंब घालून घेत होते. तिसऱ्या दिवशी अमोलनं नेलं, तेव्हा भिंती उभ्या होत्या आणि वर उघडं आभाळ. पाण्याचा पितळी गुंड वितळून चुलीशी चिकटला होता. मी तो उचलायला वाकले तर अमोल म्हणाला, "आई, राहू दे न, हात भाजन." तीन दिवस झाले होते, भाजण्यासारखं काय राहिलं होतं!

ह्यांचा फोटोही गेला. आता एकच उरला आहे, अमोलच्या मोबाइलमध्ये, कुणाच्या तरी लग्नात ताटावर वाकलेले. चेहरा अर्धाच दिसतो. जेवताना पण यांना वर बघायला फुरसत नव्हती.

रविवारी मिनल मला सीताबर्डीला साड्या घ्यायला घेऊन गेली. दुकानदारानं वीस-पंचवीस साड्या उलगडून ठेवल्या. मला एकही पसंत पडेना. मिनल म्हणाली, "आई, तुम्हाला कोणता रंग आवडतो?" माझ्या कपाटात कोणते रंग होते तेच आठवेना. तू असतीस तर पटकन सांगितलं असतंस. शेवटी तिनंच चार निवडल्या.

आपल्या चांदी गाईला तू सोडवलंस हे मनोहररावांकडून कळलं. दावं तोडताना तुझा हात भाजला म्हणे. कोणता, उजवा का? कोरफड लाव, हळद भरू नको. घर बघायला आले त्या दिवशी गर्दीत तुझ्याशी बोलणं झालं नाही. अमोलला परतायची घाई होती.

गावात लोक काहीबाही बोलतात असं कानावर आलं. मनावर घेऊ नको. लोकांचं तोंड चार दिवस चालतं.

अंगणवाडीतल्या पोरांना सांभाळ.

तुझी
शामलाबाई


२४ एप्रिल २०२५, गुरुवार

कांता,

तुझं उत्तर आलं नाही. येणार तरी कसं? मी विचारलं होतं काय, तर कोणता हात भाजला.

काल मनोहररावांचा फोन आला. तुला वनखात्याची नोटीस आली आहे, पाच मे, सोमवार, सकाळी अकरा, उमरेड. जंगलाला आग लावल्याबद्दल जबाब द्यायचा. गुन्हा लागला तर अंगणवाडीतलं तुझं मदतनिसाचं काम जाईल, निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना. ते असंही म्हणाले की पोरांच्या आया आता त्यांना तुझ्या हातची खिचडी खाऊ देत नाहीत, घरूनच डबा देतात. ज्या आयांना लहानपणी तूच नाक पुसून खिचडी भरवलीस, त्या!

मनोहरराव, फोन ठेवता ठेवता तुम्ही म्हणालात, "बाई, कांता तं शहाणी होती. तिनं असं काहून केलं असन?" मी म्हटलं, "काय माहीत." आज त्याचं उत्तर लिहिते. वाचताना थांबू नका आणि कांताच्या किंवा माझ्या भिडेखातर काही गाळू नका.

सत्तावीस मार्चला सकाळी सातच्या सुमाराला कांता, मी तुला फोन केला. परसातला मोह गळायला लागला असणार हे मला इथे बसून कळत होतं. विचारलं, तर तू म्हणालीस की खाली पानांचा थर आहे, फुलं त्यात हरवून राहिली, आजपासून झाडायला घेते. मी म्हटलं, "झाडत काहून बसते वं? चार दिवस जातीन. तवर शेजारची चंपतरावाची बायको टोपली भरून नेईन. काडी लाव अन् मोकळी हो."

तू म्हणालीस, "बाई, वारा सुटून राहिला. मी खराट्यानंच झाडते."

मी म्हटलं, "मी सांगून राहिली न तुले."

तू म्हणालीस, "बरं बाई." दुसरं काय म्हणशील? सत्तावीस वर्षं मी सांगायचं आणि तू करायचं, असंच चाललं. मी सेविका, तू मदतनीस. निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली तरी माझी सांगायची सवय सुटली नाही आणि तुझी ऐकायची.

मोहाखालचा पाला सगळेच जाळतात, म्हणून मीही बोलून गेले, असं म्हणायची सोय मला नाही. आपला मोह जंगलाला लागून. कुंपणापलीकडे गुडघाभर वाळलेलं गवत. म्हणून तर दर वर्षी होळीच्या आधी आपण दोघी खराटे घेऊन झाडायचो, पाला टोपल्यांनी उकिरड्यात टाकायचो आणि तू माझ्या कमरेची थट्टा करायचीस. तिथे काडी लावायची नाही हा नियमच माझा होता. या वर्षी मी इथे होते, झाडायला तू एकटी होतीस, आणि माझ्या झाडाची फुलं दुसऱ्याच्या टोपलीत जातील एवढंच माझ्या डोक्यात होतं. मला त्या फुलांचं करायचं तरी काय होतं? वाळवून पोतं भरायचं आणि पुढच्या वर्षी त्यातले किडके निवडत बसायचं.

पाण्याची बादली जवळ ठेवल्याशिवाय तू काडी ओढली नसशील. दुपारी वारा फिरला, ठिणगी गवतात गेली, गवतातून सागाच्या पानांत. टेकडी दोन दिवस जळत होती म्हणतात. आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या वाऱ्यानं तीच आग टेकडीवरून आपल्या घरावर उतरली. तू गोठ्यात शिरून माझी गाय काढलीस. माझी!

आता त्या तिसऱ्या दिवसाचं. घर पाहायला मी आले तेव्हा वनरक्षक होता, पोलीसपाटील होते, अर्धं गाव होतं. तू चिंचेखाली हाताला फडकं गुंडाळून उभी होतीस. वनरक्षकानं मला विचारलं, "बाई, तुम्ही सांगितलं होतं काय हिले?" सरळ प्रश्न होता. तू माझ्याकडे बघितलंस.

मी म्हटलं, "मी तर नागपूरले होती. मले काय माहीत?"

आणि तू मान खाली घालून म्हणालीस, "माझ्याच मनानं लावली."

कांता, तू रागानं बोलली असतीस तर मला सोपं गेलं असतं. मी घाबरले होते. पोलीस, कचेरी, लोक काय म्हणतील, अमोलच्या नोकरीवर काही येईल का, सगळं एका क्षणात डोक्यात आलं. तू काय करशील, तुझं काय होईल, हे आलंच नाही. हीच खरी लाज आहे.

इथे सगळे मला फार जपतात. सोसायटीतल्या बायका चादरी घेऊन आल्या, एकीनं कुकर दिला. "काकू, सगळं गेलं हो तुमचं," असं म्हणून त्या रडल्या, आणि मी हात जोडून चादरी घेतल्या. घर जिचं जळलं तिला कोणी जाब विचारत नाही. मी ही सवलत महिनाभर वापरली.

काल अमोलला सांगितलं. त्यानं हातातला मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाला, "आई, आता सांगून काय होते? जळलं तर आपलंच घर न. ह्या वयात तू कचेरीच्या पायऱ्या चढशीन काय?" माझ्या काळजीनं बोलला, त्याच्यावर मी रागावले नाही. मी म्हटलं, "आपलं घर जळलं हे खरं. कांताचं नाव पण जळून राहिलं, अन् ते मी विझवू शकते." त्यावर तो उठून गॅलरीत गेला. मिनलनं मात्र मला कागद आणून दिला आणि टेबलाचा दिवा लावला. माझ्या सोबत यायला ती तयार आहे. मी नको म्हटलं. हे माझं मलाच करायचं आहे.

पाच मेला मी सकाळच्या पहिल्या एसटीनं उमरेडला येते. कचेरीच्या दाराशी उभी राहीन. आत आधी मी बोलेन. "माझ्याच मनानं" हे तू पुन्हा म्हणू नको. माझं ऐकायची तुला सवय आहे, एवढं एक शेवटचं ऐक. त्यानंतर माझं कधीच काही ऐकू नको.

तिथलं आटोपलं की मला गावात यायचं आहे. उतरायला घर नाही. चंपतरावांनी "आमच्याकडे या" म्हणून निरोप पाठवला आहे, चांगली माणसं आहेत, मीच त्यांच्या टोपलीवर डोळा ठेवून होते. पण मला तुझ्याकडे यायचं आहे. मी तुझ्या ओसरीवर येऊन बसेन. तू दार उघडलंस तर आत येईन. नाही उघडलंस तर सहाची गाडी आहे, तिनं परत जाईन आणि तुला दोष देणार नाही. तुझ्याशिवाय त्या गावात माझं कोणी आहे असं मला वाटत नाही, आणि हे मला घर गेल्यावर कळलं.

मनोहरराव, कांताला वाचून झालं की हेच पत्र ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मोठ्यानं वाचा. पोलीसपाटलांनाही बोलवा. पोरांच्या आयांना मुद्दाम बोलवा. खाली मी रजिस्टरवर करायची तशी पूर्ण सही केली आहे.

जिचं घर तू जाळलं नाहीस, ती
शामला रुपराव भोयर