जावईबापूंसाठी शिकलेली भाषा

१२ एप्रिल, रवि.
अधिक महिना १७ मेला लागतो. मनूच्या लग्नानंतरचा पहिलाच. लेक-जावई स्पेनहून धोंडे जेवायला येणार. आंद्रेस लग्नात माझ्या पाया पडला तेव्हा मला एक शब्द सुचला नव्हता. या वेळी तसं नको.
शेतीचं विचारायला म्हणून मनूनंच फोनमध्ये हे बोलणारं मशीन घालून दिलंय. त्याला म्हणतो, तू माझा जावई हो. लगेच होतं. 'ब्येनवेनिदो', म्हणजे या, बसा. 'अजून एक धोंडा घ्या' शिकवून घेताना घाम फुटला. त्याला वाटलं मी पाहुण्याला दगड वाढतोय. शेवटी 'मुय ब्येन' म्हणालं, म्हणजे फार छान. चुकलं तरी मुय ब्येनच म्हणतं.
कावेरी स्वयंपाकघरातून: "माझ्याशी बोलायचं तर तोंड दुखतंय, अन् त्या डबड्याशी तास तास!"

२७ एप्रिल, सोम. एकादशी
पूजा आटोपून स्पॅनिशचा पाठ. मशीननं विचारलं, मुलीबद्दल सांगा. लिहिलं: विहिरीत पोहायची, गोड खायची नाही, भांडली की कडुलिंबाखाली जाऊन बसायची. मशीन म्हणालं, छान, आता ती सध्या कशी आहे ते लिहा.
काहीच लिहिता येईना. शब्द होते. माहिती नव्हती.
देवापुढं बसलो, पण चित्त लागलं नाही.

३ मे, रवि.
फोन लागला. चित्रात दोघं शेजारी. पाठ केलेलं सगळं म्हटलं: प्रकृती, पाऊस, आईवडील. आंद्रेस हसला, टाळ्या वाजवल्या, मग इतकं भरभर बोलला की मला दोनच शब्द कळले. मी प्रत्येक वेळी 'सी, सी', म्हणजे हो हो, म्हटलं. मनू बाजूला, खाली बघत. एकदा "आबा" म्हणाली. मी "थांब गं" म्हटलं, माझं वाक्य अर्धवट होतं.
मग त्यांना कुठं तरी जायचं होतं.
खुशीत होतो मी. हे लिहून ठेवतो.

४ मे, सोम.
सकाळी कावेरी चहा घेऊन आली. कप ठेवला अन् म्हणाली, "लेकीला काही तरी सांगायचं व्हतं. तुमचं आपलं सी-सी."
म्हणालो, जावयासमोर लेकीला कशी आहेस, काय झालं, असं विचारायचं नसतं. त्यांच्या घरावर शंका घेतल्यासारखं होतं. माझ्या वडिलांनीही बहिणीला कधी विचारलं नाही.
"मग माघारी विचारायचं! त्याला मान द्या की, कोण नको म्हणालंय? पण पोरीचं तोंड बघितलं का तुमी? किती वाळली."
बघितलं नव्हतं. त्या चौकटीत मी आंद्रेसचे ओठ बघत होतो.

७ मे, गुरु.
मनूला एकटीला फोन करायचा. रोज ठरवतो. काय बोलायचं? तिच्याशी मी कायम जेवलीस का, पैसे आहेत का, एवढंच बोललो. पुढचं कावेरी बोलायची.
शेवटी मशीनला म्हटलं, आज मराठी. तू माझी मुलगी हो.
"बाबा, मी आनंदात आहे. आपण माझी काळजी करू नये."
आबा म्हणते ती. अन् 'आपण' कधीच म्हणत नाही. बंद केलं. स्पॅनिश जावई चालून गेला, मराठी लेक चालली नाही.

१० मे, रवि.
सकाळी मारुतीच्या पारावर होतो. मनूचा मेसेज.
'आबा, धोंड्याला मी एकटीच आले तर चालेल का? थोडे दिवस राहीन.'
तो महिनाच जावयाचा. कपडे घेऊन झालेत, चांदीचं ताट सांगितलंय, भावकीला आमंत्रणं गेलीत. बोट आपोआप चाललं. लिहिलं: 'अन् जावईबापू?'
पाठवलं.
दोन निळ्या खुणा आल्या. तिनं वाचलं. मग काही नाही.
घरी येऊन कावेरीला दाखवलं. ओरडेल वाटलं होतं. ओरडली नाही. फोन माझ्या हातात परत दिला अन् पिठाचा डबा उघडला. "तिला आवडतात तसल्या तिखटाच्या पुऱ्या करून ठेवते. येवो न येवो."
मग मी लिहिलं: 'ये. कधीही ये. एकटी ये.' एवढ्यालाच किती वेळ लागला. पाठवलं.
एकच खूण आहे. करडी. फोन केला, बंद लागतोय.
संध्याकाळी दिवा लावून माळ घेतली. एका मण्याला नाम, एका मण्याला फोनकडं नजर. अजून एकच खूण.