मामांना ‘उपहत’ केल्याबद्दल

ता. ३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या मामांनी मला वकिलाची नोटीस पाठवली आहे. त्यांची नवी कवळी मीच बसवली. रविवारी एका शोकसभेत ते बोलायला उभे राहिले आणि दर ‘श’ला कवळीतून शिट्टी वाजली. शोक, शांती, ईश्वर, काही सुटलं नाही. गेलेल्याचा सख्खा भाऊ तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाला. कवळी घासून देतो म्हणालो, तर मामांनी अबोला धरला. नोटिशीत लिहिलंय, मी त्यांना ‘उपहत केले’. वकिलाला अर्थ विचारला. म्हणाला, जुन्या मसुद्यात होता, भारदस्त वाटला. तू जन्मभर संस्कृत शिकवलंस. मी नक्की काय केलंय ते कळव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दातवाला

ता. ९ मार्च

चि. दातवाल्यास,
अनेक आशीर्वाद.

‘हन्’ म्हणजे मारणं; आपलं ‘हाणणं’ त्याच धातूचं. त्याला ‘उप’ लागून ‘उपहत’. इजा झालेला, बिघडलेला, असाही अर्थ होतो, पण मुळात मार आहे. आई गेल्यावर ज्यांनी तुला खांद्यावर बसवून शाळेत नेलं, त्यांना तू हाणलंस, असं आता कागदावर आहे. मामांना एवढं सांग. विरघळतील.

लोभ आहेच, जेवणाची आबाळ करू नकोस.
ताई

ता. २० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. मामांचा चेहरा उतरला. तडक शिंप्याकडे, औषधांच्या दुकानात, घरोघरी जाऊन सांगत सुटले की भाच्यानं मला हाणलेलं नाही. तोवर कुणाच्या डोक्यातही नव्हतं, आता सगळ्यांची खात्री पटली आहे. काल एका पेशंटनं तोंड उघडण्याआधी माझी माफी मागितली.

म्हणून मामा रोज सकाळी दवाखान्यातल्या बाकावर येऊन बसतात आणि येणाऱ्याला आ करून दाखवतात, की बघा, मी धडधाकट आहे. शिट्टी मी केव्हाच घालवली. आज म्हटलं, मामा, आता नोटीस मागे घ्या. त्यांनी पेपरातून मान वर केली नाही. म्हणाले, मग मी रोज इथं कशासाठी येऊ? मामी गेल्यापासून त्या घरात बोलायला कोण आहे?

मी बाकावर एक उशी आणून ठेवली आहे.

आशीर्वाद असू दे, वकिलाला कळवू नकोस.
तुझा धाकटा