सोनगीरची एक बाई

जळगाव, मंगळवार, १८ नोव्हेंबर

दिवाळीपासून वही उघडली नाही, माफ कर. आजही चैन पडेना म्हणूनच उघडली.

रविवारी धुळ्याच्या सभेत आरोग्य योजनेवर बोलले. डायलिसिस मोफत म्हणतात आणि सुया मात्र बाहेरून आणायला लावतात, हे सांगताना नवऱ्याला डायलिसिसला घेऊन जाणाऱ्या सिंधूबाईंचं उदाहरण दिलं. नाव घेतलं नाही. 'सोनगीरची एक बाई' एवढंच म्हणाले. टाळ्या पडल्या.

आज सिंधूबाईंचा फोन आला. दवाखान्याच्या खिडकीवरचा माणूस त्यांना सगळ्यांदेखत म्हणाला, "या पुढारीणबाई! आज भाषण नाही का?" परवाच्या डायलिसिसचा नंबर विचारला, तर म्हणे, "बघू. कळवू."

तिथे सोनगीरहून येणारी बाई एकच आहे, हे मला माहीत होतं. मग नाव घेतलं नाही, असं कोणत्या तोंडाने म्हणू? गाव तरी कशाला सांगायचं होतं? खरं वाटावं म्हणून? की टाळ्यांसाठी?

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "ताई, तुम्ही बोलनात ते बठ्ठं खरं शे," म्हणाल्या. "पन आम्हले तठेच जानं पडस."

त्यांना तिथेच जावं लागतं, हे ऐकूनही मी तावातावाने म्हणाले, उद्याच येते, त्याला जाब विचारते. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, सभेआधीही मी त्यांना काही विचारलं नव्हतं.

उद्या सकाळी सिंधूबाईंना फोन करून विचारणे: मी आलेली चालेल का?