तिला उठवूनच जा

दादा,

मी ड्यूटीवर निघालेय. चहा गाळून ठेवलाय, गरम करून घे. छकुली आत्ता सहाला झोपलीय, तेव्हा ऑनलाइन शाळेसाठी तिला उठवू नकोस. बाईंना मी कळवलंय.

काल तू तिला रागावलास, लॉकडाऊनमध्ये पोरीचं पार घुबड झालंय म्हणून. मलाही तसंच वाटायचं. आज मी बूट घालत होते, तर ही दाराशी येऊन बसली. "झोप येत नाही का गं?" म्हटलं. म्हणाली, "येते. पण मी झोपले होते तेव्हाच आजोबांना नेलं ना."

त्या सकाळी अॅम्ब्युलन्स आली तेव्हा "झोपू दे तिला" असं आपण दोघंही म्हणालो होतो. बाबा चार दिवसांत परत येतील असंच वाटत होतं. तू मनाला लावून घेऊ नकोस.

मी तिला शब्द दिलाय, घरातलं कुणीही बाहेर पडताना तिला उठवून सांगेल. ऐकता ऐकताच माझ्या मांडीवर झोपली. निघताना मी खरंच उठवलं. "येते गं," म्हटलं. "हं," म्हणाली आणि कूस बदलून पुन्हा गाढ झोपली.

तू दूध आणायला जाशील तेव्हा तिला हलवून सांग. ती चिडत नाही.

— धाकटी